डाउट क्लासचा बॅकअप

जयपुरात गोपालपुरा बायपासवरच्या एका कोचिंग क्लासमध्ये मी काही वर्षं नोकरी केली. शिकवायची नाही, कॉम्प्युटरची. प्रत्येक हॉलमध्ये फळ्याकडे तोंड केलेला एक कॅमेरा होता, सरांच्या कॉलरला माइक होता आणि दिवसभर जे शिकवलं जाई ते सगळं तळघरातल्या सर्व्हरवर येऊन साठत असे. बुडालेला तास मुलांना नंतर बघता यावा म्हणून ही सोय. ती चालू ठेवायची आणि साठलेलं सांभाळायचं, एवढंच माझं काम.

एका उन्हाळ्यात तळघरातला एसी सारखा बंद पडायला लागला. बाहेर रस्त्यावर डांबर मऊ पडलेलं आणि आत मशीनं भट्टीसारखी तापलेली. शेवटी वरून ठरलं की हे सगळं भाड्याच्या जागेत, म्हणजे क्लाउडवर, हलवायचं आणि जुनी मशीनं मोडीत काढायची. हलवायचं काम माझ्याकडे आलं.

एवढा मोठा डेटा एका दमात कधीच जात नाही. मध्येच लाइन तुटते, वीज जाते, मशीन तापून बसतं. बॅकअपचं सॉफ्टवेअर कुठवर काम झालं ते लक्षात ठेवतं, त्यामुळे पुन्हा सुरू करताना पहिल्यापासून सगळं न्यावं लागत नाही. रिझ्यूम केलं की ते झालेलं सोडून पुढचं उचलतं. निदान तसं ते सांगतं. पण काम कोसळलं त्या क्षणी जी फाइल अर्धी गेलेली होती, तिचं काय? आमचं सॉफ्टवेअर फाइल न्यायला घेतली की पलीकडे आधी तिच्या पूर्ण आकाराची जागा अडवून ठेवायचं. मग फाइल मध्येच तुटली तरी पलीकडे नाव तेच आणि आकारही तोच. रिझ्यूम करताना ते एवढंच बघायचं, ही झाली असं समजायचं आणि पुढे जायचं. अशी एक फाइल मी सुरुवातीलाच सहज उघडली. फिजिक्सचे सर थोडा वेळ शिकवत होते आणि मग नुसता काळा पडदा. तेव्हापासून काम मध्येच बंद पडलं की आधी शेवटच्या फाइली शोधून पुसायच्या, त्या पुन्हा न्यायला लावायच्या आणि दोन्हीकडच्या प्रती आतून जुळतात का ते तपासायचं, असा नियम मी करून घेतला. त्यात फार वेळ जायचा.

आमचे साहेब जयपूरचेच, स्वभावाने मोकळे. ते म्हणायचे, "मॅडमजी, इतना मत सोचो. रिझ्यूम दबाओ और चाय पिओ."

काय न्यायचं आणि काय टाकायचं हेही ठरून आलं होतं. नामवंत सरांचे तास न्यायचे. चाचण्यांचे खुलासे न्यायचे. डाउट क्लास टाकायचे. डाउट क्लास म्हणजे संध्याकाळचा शंकांचा तास. त्यात मुलांच्या हातात एक माइक फिरायचा, ज्याची शंका असेल त्याने उभं राहून विचारायची आणि सर फळ्यावर उत्तर द्यायचे. हे तास नंतर कोण बघणार? त्या फाइली सगळ्यात जुन्या डिस्कवर पडून होत्या. कुणी त्या उघडल्याचं मला आठवत नव्हतं.

त्याच दिवसांत क्लासच्या फाटकाबाहेर मला एक ओळखीचे गृहस्थ दिसले. आमच्या मराठी मंडळातले. ते मूळचे सांगलीकडचे, बँकेत अधिकारी. आधी ते शास्त्रीनगरला राहायचे, मग त्यांची बदली बिकानेरला झाली. मुलगी आमच्याच क्लासमध्ये मेडिकलच्या प्रवेशाची तयारी करत होती. मध्येच क्लास तोडायला नको म्हणून तिला इथल्या एका हॉस्टेलवर ठेवून आईवडील गेले. आदल्या पावसाळ्यानंतर जयपुरात डेंग्यूची साथ आली आणि त्यात ती मुलगी गेली. हॉस्टेलमधून फोन आला तेव्हा ती हॉस्पिटलात होती. आईवडील बिकानेरहून पोचेपर्यंत तिची शुद्ध गेलेली होती.

मी तिला एकदाच पाहिलं होतं, मंडळाच्या गणपतीत. दुसऱ्या दिवशी टेस्ट आहे म्हणून लवकर निघायची घाई करत होती आणि वडील प्रसाद घेतल्याशिवाय हलायला तयार नव्हते. चेहरा आठवत होता. ती गेल्यावर मी भेटायला गेले होते.

"काका, तुम्ही इथं?"

"तुझीच वाट बघत होतो. जरा बोलायचं होतं, बेटा. आत नको."

आम्ही रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर उभे राहिलो. त्यांनी बिकानेरहून पुन्हा जयपूरला बदली मागून घेतली होती. शास्त्रीनगरातच जुन्या गल्लीत घर मिळालं होतं. चहाचा कप त्यांनी हातात धरला, पण प्यायले नाहीत.

"तुमच्याकडं क्लासचे व्हिडिओ असतात ना?"

"असतात. पण त्यात मुलं दिसत नाहीत, काका. कॅमेरा फळ्याकडे असतो."

"दिसायला नको. आवाज येतो का?"

मला लगेच कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. दोन वर्षं तिला साधा बटनांचा फोन दिला होता. अभ्यासात लक्ष राहावं म्हणून. तिनं स्वतःच मान्य केलं होतं, मतलब फार कुरकुर केली नव्हती. रोज संध्याकाळी फोन व्हायचा, पण तो काय कुणी रेकॉर्ड करून ठेवतं? त्यामुळे घरात तिचे फोटो होते, शाळेतली प्रशस्तिपत्रकं होती, कपडे होते. आवाज नव्हता. लहानपणीचा एक होता, बोबडा, कविता म्हणतानाचा.

"तिची आई म्हणते, मला तो नको. ती आमचीच पोरगी हाय, पण मोठी झालेली ती नव्हं." बँकेतल्या मराठीतून ते एकदम गावच्या बोलीत गेले. मग म्हणाले, "ती डाउट विचारायची. फोनवर सांगायची, आज सरांना हे विचारलं, ते विचारलं. ते कुठंतरी असेल ना?"

मी म्हटलं, बघते. त्या डिस्कचं काय होणार आहे, हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही.

मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांचीही मुलगी दहावीला होती. "फाइल बाहर नहीं जाएगी," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "यहीं बैठके सुन लें। रविवार को। बाकी मैं देख लूँगा।"

चालू असलेला मोठा जॉब, म्हणजे फाइली हलवायचं काम, मी थांबवला आणि डाउट क्लासच्या डिस्कसाठी वेगळा जॉब लावला. तिची बॅच कुठल्या हॉलमध्ये बसायची ते वडिलांना माहीत होतं. फाइलींच्या नावात हॉल आणि तारीख असायची, त्यामुळे तेवढ्याच फाइली निवडता आल्या. मी निश्चिंत झाले. तेवढा भाग छोटा होता.

पहिल्याच दिवशी जॉब पडला. रिझ्यूम केला, पुन्हा पडला. मग माझ्या लक्षात आलं की ही लाइनची भानगड नाही. डिस्कच जात होती. काही जागा वाचताच येत नव्हत्या. सॉफ्टवेअर अशा जागेशी आलं की पुन्हा पुन्हा तीच वाचायचा प्रयत्न करायचं, त्यात डिस्क आणखी तापायची आणि शेवटी सगळंच बंद पडायचं. हात लावून पाहिला तर डिस्कवर बोट टेकवत नव्हतं.

अशा वेळी एकच करता येतं. जिथे अडतंय तिथे थांबायचं नाही. ती फाइल सोडायची, सहज निघतंय ते आधी काढून घ्यायचं आणि राहिलेल्यांकडे नंतर वळायचं. तसा जॉब मी नव्याने बांधला. घरून टेबलफॅन आणून डिस्कसमोर लावला. साहेबांनी वरच्या मजल्यावरून एक छोटा कूलर पाठवला. जॉब चालायचा, पडायचा, मी डिस्क बंद करून गार होऊ द्यायची आणि पुन्हा रिझ्यूम करायची. प्रत्येक वेळी सॉफ्टवेअर सांगायचं की इतक्या फाइली झाल्या आणि प्रत्येक वेळी मी त्यातल्या शेवटच्या उघडून बघायची. कित्येक पोकळ निघाल्या. काही पुन्हा घेतल्यावर भरल्या, काही नाहीच भरल्या.

मग एके दुपारी डिस्कमधून टकटक असा आवाज यायला लागला. ज्यांनी हे काम केलंय त्यांना तो आवाज ओळखता येतो. मी लगेच बंद केलं. दोन दिवसांनी चालू करून पाहिलं तेव्हा कॉम्प्युटरला ती दिसतही नव्हती. रिझ्यूम करायला समोर काही उरलंच नव्हतं. डेटा काढून देणारी माणसं असतात, त्यांच्याकडे पाठवू या का, असं मी साहेबांना विचारलं. ते वर विचारून आले आणि त्यांनी नुसती नकाराची मान हलवली.

तिच्या हॉलचे दोन वर्षांचे शंकांचे तास होते. त्यातले अगदी थोडे हाताला लागले, आणि तेही बहुतेक शेवटच्या दिवसांतले. त्या फाइली डिस्कच्या चांगल्या भागात पडल्या होत्या, बाकी काही कारण नव्हतं.

रविवारी काका-काकू दोघं आली. काकूंना मी, मुलगी गेल्यावर भेटायला गेले होते तेव्हा पाहिलं होतं. आता त्या जास्त वाळलेल्या वाटल्या. क्लास रिकामा होता. माझ्या खोलीत मी दोन खुर्च्या ठेवल्या, एकाच कॉम्प्युटरला दोन हेडफोन लावून दिले आणि आधीच सांगितलं, "फार थोडं मिळालंय. त्यात ती असेलच असं नाही."

"असू दे," काकू म्हणाल्या. "लाव तू."

मी दाराजवळ बसले. पडद्यावर फळा दिसत होता आणि सरांची पाठ. मला काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त त्या दोघांचे चेहरे दिसत होते. मुलांची बोलणी आली की दोघंही किंचित पुढे झुकायची. काका मध्येच माझ्याकडे वळून म्हणाले, "ही! हीच ती. थांबव."

मी थांबवलं, मागे घेतलं, पुन्हा लावलं. काकूंनी ऐकलं आणि मान हलवली.

"नव्हे."

"अगं, नीट ऐक की. 'सर, एक बार और' म्हणते बघ. तसंच म्हणायची ती."

"सगळीच म्हणतात. ही नव्हे."

असं तीन-चारदा झालं. काकांना प्रत्येक मुलीत ती ऐकू येत होती. काकूंना एकीतही नाही. दुपार चढत गेली. मी जेवायचं विचारलं, दोघांनीही नको म्हटलं. काका आता काकूंवर चिडल्यासारखे झाले होते. "तुला ऐकायचंच नाही," असं ते एकदा म्हणाले. काकूंनी पुढची फाइल लावायला सांगितली.

शेवटून दुसरी फाइल लागली होती. काकूंचा हात एकदम हेडफोनवर गेला आणि तिथेच राहिला. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही, थांबव म्हटलं नाही. पडद्यावर सर फळ्यावर काहीतरी काढत होते, खडू टेकवून मागे वळून बघत होते, हसत होते. मग काकूंनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"तिला ताप होता," त्या म्हणाल्या.

"कधी?" काकांनी विचारलं.

"तुम्ही ऐकलं नाही? तिनंच सांगितलं."

काकांनी तोंड दोन्ही हातांत घेतलं. मी उठून बाहेर जायला लागले, तर काकू म्हणाल्या, "थांब. तूही ऐक. मला बरोबर कळलं का सांग."

मी हेडफोन लावला. सर विचारत होते की सोमवारी कुठे होतीस, हे सोमवारीच शिकवलं. मग तो आवाज आला. मला वाटला होता त्यापेक्षा जाड, थोडा बसलेला, अजिबात न लाजणारा. "सर, बुखार था." सर म्हणाले, "अब?" ती म्हणाली, "अब ठीक हूँ सर. उतर गया." सर म्हणाले, शाबास, टेस्ट बुडवू नकोस. मग तिने आपली शंका विचारली, मूत्रपिंडाबद्दलची, आणि सरांनी फळ्यावर आकृती काढून सांगितलं. तिचं समाधान झालं नाही. तिने पुन्हा विचारलं. सर हसले, पुन्हा सांगितलं. "क्लिअर?" "जी सर." माइक पुढच्या मुलाकडे गेला.

फाइलीवरची तारीख हॉस्टेलमधून फोन आला त्याच्या आदल्या दिवसाची होती. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरा धोका सुरू होतो, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. त्यांना ते हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं होतं. हॉस्टेलची वॉर्डन म्हणाली होती, फोन केला त्याच सकाळी ताप आला. त्या रविवारपर्यंत दोघं वॉर्डनचं बोलणं खरं धरून चालले होते.

"मला फोनवर म्हणाली, अभ्यास चाललाय," काकू म्हणाल्या. "रोज तेच म्हणायची. त्या दिवशी पण तेच म्हणाली."

काका म्हणाले, "मी टेस्टचं विचारलं असेल. मी टेस्टचंच विचारायचो."

शेवटची फाइल तशीच राहिली होती. काकूंनीच ती लावायला सांगितली. त्या तासाला ती नव्हती. तारीख पुढच्या दिवसाची होती. दोघांनी तो तास शेवटपर्यंत ऐकला.

तो तुकडा मी साहेबांना विचारून काका-काकूंना दिला. म्हणजे, मी विचारलं आणि ते खिडकीबाहेर बघत राहिले, त्याचा अर्थ मी होकार असा घेतला. दुसऱ्या आठवड्यात काकांचा फोन आला. त्या तासाचे सर कुठे भेटतील, असं विचारत होते. ते सर तोवर जगतपुऱ्यातल्या दुसऱ्या क्लासला गेले होते. काका तिथे जाऊन त्यांना भेटले. काय झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. सरांना ती आठवतच नव्हती. फोटो दाखवला तरी आठवेना. फाइल ऐकवली तेव्हा त्यांना स्वतःचा आवाज आठवला, फळ्यावरची आकृती आठवली. त्यांनी काकांचे पाय धरायला हात पुढे केले. काका मागे सरकले. "माझ्यापेक्षा लहान माणूस. मी भांडायला गेलो होतो बेटा, पण काय भांडणार? त्यांना तरी काय ठाऊक."

मग त्यांनी एक विचारलं. "सरांचा आवाज काढून फक्त तिचा ठेवता येतो का?"

मी तसं करून पाठवलं. मध्येमध्ये मोकळ्या जागा राहिल्या. 'बुखार था.' शांतता. 'अब ठीक हूँ सर.' शांतता. संध्याकाळी पुन्हा फोन आला. "हे नको. पहिलंच राहू दे. असं ती कुणाशी बोलतेय तेच कळत नाही."

तळघर रिकामं झालं. डिस्का मोडीत देण्याआधी त्यांना ड्रिलने भोकं पाडतात, डेटा कुणाच्या हाती लागू नये म्हणून. ते काम करायला माणूस आला होता. मी त्या दिवशी रजा टाकली.

पावसाळ्याच्या सुरुवातीला काकांची बदली सांगलीला झाली. जायच्या आधी काकू एकट्याच माझ्या फ्लॅटवर आल्या. पत्ता विचारत, रिक्षाने, जगतपुऱ्यापर्यंत. मी चहा ठेवला. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, माझं अंथरूण, खुर्चीवरचे कपडे, गॅसजवळचं मॅगीचं पाकीट.

"आणखी कुठं काही असेल का?" त्यांनी विचारलं. "दुसरीकडं कुठं उतरवून ठेवलेलं?"

"नाही, काकू. सगळीकडं बघितलं."

त्यांनी मान हलवली. बहुतेक उत्तर माहीत असूनच आल्या होत्या. चहा निम्मा पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "तुझी आई कुठं असते?"

"अकोल्याला."

"रोज बोलतेस?"

"बहुतेक रोज."

"अंगात ताप असला तर सांगतेस तिला?"

मी हो म्हटलं. पटकन म्हटलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग उठल्या, कप नळाखाली धरून विसळला आणि पालथा घातला. खाली रिक्षा थांबवून ठेवली होती. मी जिन्यापर्यंत गेले. त्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेल्या आणि वळणावर दिसेनाशा झाल्या.